पुष्पामावशीच्या बरणीचं काय झालं?

१

बरणी जागेवर नव्हती.

टेबल होतं. टेबलावर बरणीच्या तोंडाला बांधायचा मलमलचा फडका होता, छान चौघडी घालून ठेवलेला. शेजारी साखरेचा डबा होता. पण पाच लिटरची, कलिंगडासारखी गरगरीत काचेची बरणी, जिच्या जिवावर करंजवाडीच्या चर्चच्या मैदानात एवढा मोठा मांडव उभा राहिला होता, ती मात्र गायब!

"ज्ञानेश्वरी," पुष्पामावशी इतक्या हळू म्हणाल्या की त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "खोलीला कुलूप होतं ना?"

"होतं, मावशी."

"आणि चावी?"

ज्ञानूने गळ्यातल्या लाल नाडीला हात लावला. नाडीला पुढे बिल्ला होता, 'स्वयंसेवक प्रमुख'. बिल्ल्यामागे चावी.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

आता हा सगळा प्रकार काय होता ते आधी सांगायला हवं. पंधरा दिवसांपूर्वी ज्ञानूचे बाबा नेवाशाच्या स्टँडवरून लालबुंद होऊन घरी आले होते. तिथल्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं: 'भव्य बीअर महोत्सव, करंजवाडी. स्वयंसेवक प्रमुख: कु. ज्ञानेश्वरी गोरक्षनाथ काळे, इयत्ता दहावी.' बीअरच्या आधी 'आल्याची' हा शब्दही होता, पण पेंटरला जागा कमी पडल्यामुळे तो मुंगीएवढा झाला होता.

गेल्या वर्षीची ज्ञानू असती तर रडून मोकळी झाली असती. गेल्या वर्षी तिला हजेरीला 'हजर सर' म्हणतानाही घाम फुटायचा. पण यंदा तिने तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत सात मिनिटं न थांबता भाषण ठोकलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या आवाजाला जणू पाय फुटले होते. तिने बाबांना खाटेवर बसवलं आणि समजावलं. आलं, साखर, लिंबू, पाणी आणि वरून चमचाभर विरजण. तीन दिवसांत फसफसतं. नशा बिशा काही नाही, फक्त ढेकर येतो. शंभर वर्षांपूर्वी मिशनच्या एका मडमेनं हे विरजण पुष्पामावशींच्या पणजीला दिलं, आणि अजून ते जिवंत आहे. रोज संध्याकाळी सहाला त्याला आलं-साखर खायला घालायची, आणि वर्षातून एकदा हा महोत्सव भरवायचा.

"मी चार वाजता येऊन स्वतः बघणार," बाबा म्हणाले होते. "काही वावगं दिसलं तर बिल्ला काढून घरी."

आणि आता सकाळचे दहा वाजले होते आणि विरजणाची बरणीच गेली होती.

"चारला बीअरच्या स्पर्धेचं परीक्षण आहे," पुष्पामावशी म्हणाल्या. त्या पस्तीस वर्षं नर्स होत्या, बोलताना समोरच्याची नाडी बघत असल्यासारख्या बघायच्या. "तोवर बरणी आली तर ठीक. नाही तर मी माईकवरून सांगणार. पणजीपासून चालत आलेली गोष्ट एका मुलीच्या गळ्यात चावी असताना गेली, हे लोकांना कळायला हवं."

चार वाजता. बाबांच्या समोर.

"बिल्ला आत्ताच काढून ठेवू का, मावशी?" ज्ञानूने विचारलं.

"का? तू घेतलीस?"

"नाही."

"मग शोध."

२

ज्ञानूकडे एक वही होती. खोलीची चावी कुणी मागितली की ती नाव आणि वेळ लिहून ठेवायची. तिची जिवलग मैत्रीण रूथ, जी पुष्पामावशींची भाचीसुद्धा होती, या वहीवर फार हसली होती. आता मात्र दोघी त्या वहीवर डोकं टेकवून बसल्या.

सात वाजता ज्ञानूने स्वतः खोली उघडली होती, ग्लास काढायला. तेव्हा बरणी होती. तिने डोळ्यांनी बघितली होती. मग आठ दहाला नोहाकाकांनी चावी नेली. आठ वीसला दानीएल सरांनी. आठ चाळीसला मांडववाल्या सहादेवकाकांनी. त्यानंतर कुणीच नाही.

"तिघांतला एक," रूथ म्हणाली. "आणि मला विचारशील तर नोहाकाका. गेली दोन वर्षं दुसरा नंबर येतोय त्यांचा. पोटात दुखतंय."

नोहाकाका आपल्या स्टॉलवर बाटल्या ओळीत लावत होते. टोपी तिरकी, मिशी सरळ.

"या या, बीअरसम्राज्ञी!" ते ओरडले. "बरणी गेली म्हणे. माझ्या खिशात बघता का?"

"तुम्ही खोलीतून काय आणलंत, काका?"

"हा टेबलक्लॉथ. गुंडाळी करून आणला. त्यात बरणी मावली असती तर मी जादूगार झालो असतो, आल्याचं पाणी कशाला विकलं असतं?"

"तेव्हा बरणी होती?"

"होती की. टेबलावर, ऐटीत बसलेली." त्यांनी एक बाटली उगाच पुसली. मग तीच पुन्हा पुसली. "पुष्पाबाई फार बोलतायत का माझ्याबद्दल?"

"का बोलतील?"

"नाही, सहज विचारलं."

रूथने ज्ञानूला चिमटा काढला. तेवढ्यात नोहाकाकांनी दोघींच्या हातात अर्धा अर्धा ग्लास ठेवला. "प्या. बेकरीचं यीस्ट घालतो मी, आमच्याकडे मडमेचं काही नाही."

बीअर झकास होती. नाकात झिणझिण्या आणणारी. ज्ञानूने ग्लास विसळायला घेतला तर तळाशी एक पांढरा, अर्धपारदर्शक दाणा चिकटलेला. भिजलेल्या साबुदाण्यासारखा. आज शनिवार, आईचा उपास, सकाळीच ज्ञानूने तिला वाटीभर साबुदाणा धुऊन दिला होता. ज्ञानूने बोट पाहिलं. आपल्याच हाताला राहिलेला असेल, असं म्हणून दाणा झटकून टाकला आणि पुढे निघाली.

दानीएल सर स्टेजवर वायरींच्या गुंत्यात बसले होते. मराठी शिकवायचे, आणि तिला भाषण शिकवणारे तेच.

"मी माईकची पेटी आणली, ही बघा." पेटी चपलांच्या खोक्याएवढी. "बरणी? होती ना. मी तिच्याकडे बघून म्हटलंसुद्धा, काय बाई, आज तुमचा दिवस. बाहेर येऊन इथे बसतोय तोच तो टायर फुटला."

"कुठला टायर?"

"साडेआठच्या सुमाराला. धाड्कन! नोहा म्हणाला, उसाच्या ट्रॅक्टरचा टायर गेला."

ज्ञानूलाही तो आवाज आठवला. कारखाना सुरू झाल्यापासून दिवसभर ट्रॅक्टर जायचे, मोठमोठ्यानं गाणी लावून. आवाज झाला तेव्हा ती रस्त्याकडेच बघत होती. ट्रॅक्टर समोरून गेला, गाणं वाजवत, दोन्ही ट्रॉल्या डुलवत, आणि फाट्याकडे वळून दिसेनासा झाला.

ती जागच्या जागी उभी राहिली.

"रूथ," ती म्हणाली, "टायर फुटलेला ट्रॅक्टर थांबत कसा नाही?"

३

सहादेवकाका शनिशिंगणापूरचे. उंच, वाळलेले, कमी बोलणारे. मांडवाच्या दोऱ्या त्यांनी एकट्यानं ओढल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी पुष्पामावशींनी बरणीला साखर घालून, वर फडका बांधून, पत्र्याचं झाकण नुसतं ठेवलं होतं. "झाकण टेकवायचं," त्यांनी दोघी मुलींना बजावलं होतं. "फिरवायचं नाही. त्याला श्वास लागतो." आणि त्या गेल्या होत्या. मग खोली बंद करायचं काम सरांनी सहादेवकाकांना सांगितलं, तेव्हा नोहाकाकांनी सगळ्यांसमोर त्यांची खेचली होती.

"अहो सर, कुणाला सांगताय? यांच्या गावात घराला दारंच नाहीत! काका, कुलूप कुठून उघडतं ते तरी ठाऊक हाय का?"

सगळे हसले होते. ज्ञानूही. सहादेवकाका चावी घेऊन खोलीकडे गेले होते. अर्ध्या तासानं येऊन त्यांनी चावी तिच्या हातात ठेवली होती. "घे पोरी. समदं बंद केलंय. वारा बी शिरायचा न्हाई."

आता ते टेम्पोजवळ दोरीच्या वेटोळ्यावर बसले होते. उजव्या पंजाला रुमाल गुंडाळलेला.

"काका, काय लागलं?"

"बर्फाच्या टपाचा पत्रा लागला."

"टप आणायला गेलात तेव्हा बरणी होती का हो?"

काकांनी वर बघितलं, मग दोरीकडे. "म्या बगितलं न्हाई."

"एवढी मोठी बरणी?"

"न्हाई बगितलं म्हनलं ना."

रूथ वहीत बघून कुजबुजली, "नोहाकाकांना पाच मिनिटं लागली. सरांना चार. यांना पंचवीस. दोन टप उचलायला?"

"चल," ज्ञानू म्हणाली. "खोलीत जाऊ."

खोली म्हणजे वर पत्रे टाकलेली जुनी कोठी. ऑक्टोबरच्या उन्हात आत शिरलं की तोंडावर वाफ यायची. ज्ञानू दारात थांबून नुसती बघत राहिली. जमिनीवर सगळीकडे मांडवाची धूळ होती. फक्त टेबलाभोवतीचा तुकडा लख्ख. टेबलही लख्ख. कुणीतरी पुसून घेतलं होतं.

"चोर घर पुसून जातो?" रूथ म्हणाली.

"आणि मुंग्या बघ."

मुंग्यांची रांग जमिनीवरून निघाली होती, पण टेबलाकडे वळली नव्हती. ती भिंतीवर चढली होती. सरळ वर, आणखी वर, आणि टेबलाच्या बरोबर डोक्यावर, छताच्या पत्र्याला मुंग्यांचा काळा ठिपका झाला होता. एक नाही, सात-आठ ठिपके.

ज्ञानू खुर्चीवर चढली. पत्र्याला बोट लावून तिने ते चाटलं.

"शी! ज्ञानू!"

"गोड आहे," ती म्हणाली. "गोड, आणि आल्याचं."

मग तिला सकाळचे सात आठवले. एकेक गोष्ट, जशीच्या तशी. हवा यावी म्हणून तिने शुक्रवारी उघडी ठेवलेली खिडकी सकाळी कडी घालून बंद होती. साखरेच्या डब्याचं झाकण इतकं गच्च बसलं होतं की चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागलं. फडका बरणीच्या तोंडावर नव्हता, शेजारी घडी घालून ठेवला होता. आणि बरणीचं पत्र्याचं झाकण पुरीसारखं टम्म फुगलं होतं. दोनशे ग्लास उचलायच्या घाईत तिला ते गमतीचं वाटलं होतं. बरणीलासुद्धा आज उत्साह आलाय, असं काहीतरी ती मनात म्हणाली होती.

ती खुर्चीवरून उतरली. तोंडावरचं हसू पार गेलं होतं.

"रूथ, बरणी कुणी नेलीच नाही."

४

"काका, हात दाखवा," ज्ञानू म्हणाली. या वेळी ती एकटीच आली होती. रूथला तिने मुद्दाम स्टॉलवर पाठवलं होतं.

सहादेवकाकांनी हात पाठीमागे घेतला.

"पत्र्यानं कापलं तर एक लांब चीर पडते. तुमच्या रुमालावर चार ठिकाणी रक्त आहे. काच वेचताना लागलंय."

काकांनी डाव्या हातानं दोरी जवळ ओढली.

"तुम्ही काल सगळं बंद केलंत. खिडकी, डबे, सगळं. फडका काढून झाकणसुद्धा पिळून घट्ट केलंत. आत ते जिवंत होतं, रात्रभर हवा सोडत होतं. सकाळी पत्रा तापला आणि साडेआठला बरणी फुटली. ट्रॅक्टरचा टायर नव्हता तो. तुम्ही दहा मिनिटांनी आत गेलात."

काकांनी दोरीचा एक पीळ सोडला आणि पुन्हा घातला.

"आमच्या घराला दार न्हाई," ते म्हणाले. "म्या उभ्या जन्मात कुलूप लावलं न्हाई. नोहा हसला, समदे हसले. म्हनलं, दावतोच ह्यांला. जे जे उघडं दिसलं ते ते बंद केलं. कुनी सांगितलं न्हाई पोरी, त्याला श्वास लागतो म्हनून."

"नाही सांगितलं. खरंय."

"सकाळी बगतो तर काचाच काचा. म्हनलं, आता तर काय, गावोगाव हसतील. शिंगनापूरच्या मान्साला कुलूप लावाया सांगितलं, तर त्यानं बरनीच फोडली." त्यांनी टेम्पोतलं पोतं बाजूला केलं. खाली बादली, बादलीत काचा, आणि काचांवर मुडपलेलं पत्र्याचं झाकण. "पर तुज्यावर आळ येईल हे ध्यानातच आलं न्हाई. आन आलं तवा तोंड उघडंना. तू सकाळपासनं हिंडतियास आन म्या हितं दोरी वळत बसलोय. लाज वाटती."

ज्ञानूला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण शुक्रवारी ती स्वतः हसली होती, आणि सकाळी ते फुगलेलं झाकण बघून तशीच पुढे गेली होती, हेही तिला दिसत होतं.

"काका, चार वाजता मी माईकवर बोलणार आहे. तुमचं नाव मी घेणार नाही. तुम्हाला घ्यायचं असेल तर तुम्ही घ्या."

"आन बाईंचं इरजन? ते तर मेलंच की."

ज्ञानू वळली होती, ती थबकली. बादलीतल्या एका काचेला काहीतरी चिकटलं होतं. पांढरे, अर्धपारदर्शक दाणे. भिजलेल्या साबुदाण्यासारखे.

"काका!" ती इतक्या जोरात ओरडली की टेम्पोखालचं कुत्रं उठून पळालं. "मी जाते! चारला या! नक्की या!"

५

चार वाजता मांडव गच्च भरला. पुढच्या रांगेत बाबा हाताची घडी घालून बसले होते. पुष्पामावशींनी माईककडे हात केला, पण ज्ञानूने आधी तो उचलला.

"मावशी, बरणी चोरीला गेलेली नाही. बरणी फुटली."

मग तिने सांगितलं. छतावरच्या मुंग्या, पुसलेली फरशी, न थांबलेला ट्रॅक्टर. "आणि सकाळी सात वाजता मी फुगलेलं झाकण बघितलं होतं. मला मावशींनी सांगितलं होतं की त्याला श्वास लागतो. तरी मी घाईत तशीच गेले. ही माझी चूक. झाकण मी सैल केलं असतं तर बरणी वाचली असती."

बाबांनी हाताची घडी सोडली.

"पोरीनं सैल कराया हवं हुतं, पर घट्ट म्या केलं." सहादेवकाका बादली घेऊन मधल्या वाटेनं चालत आले. "नोहा हसला म्हनून समदं बंद केलं. काचा म्याच लपवल्या. ज्ञानूचा काय बी दोष न्हाई."

कुणी हसलं नाही. नोहाकाका तर अजिबातच नाही.

पुष्पामावशी बादलीत बघत राहिल्या. पस्तीस वर्षांत त्यांनी कितीतरी माणसं जाताना बघितली असतील, तसाच त्यांचा चेहरा झाला होता. "म्हणजे गेलं," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एक दाणा मी बाहेर जाऊ दिला नाही. दोन फडक्यांतून गाळत होते. आणि आता एकही दाणा उरला नाही."

"उरलाय," ज्ञानू म्हणाली. "मावशी, तुमच्या विरजणाचे दाणे साबुदाण्यासारखे दिसतात ना? बेकरीच्या यीस्टमध्ये दाणे असतात का?"

"नाही. त्याची नुसती पूड."

"मग नोहाकाकांच्या ग्लासात सकाळी दाणा कुठून आला?"

अख्ख्या मांडवाच्या माना एकदम वळल्या. नोहाकाकांची मिशी तेवढ्यात वाकडी झाली.

"काका," ज्ञानू म्हणाली, "बरणी गेली म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, बाई माझ्याबद्दल बोलतायत का. बरणी तुम्ही नेली नव्हती. मग भीती कसली होती?"

नोहाकाकांनी टोपी काढली. "तीन वर्षं झाली," ते पुटपुटले. "नाताळच्या फराळाला बाईंकडे गेलो होतो. बाई करंज्या आणायला आत गेल्या, आणि मी... एक चमचा. एकच, देवाशपथ. रुमालात बांधून."

"नोहा," पुष्पामावशी म्हणाल्या.

त्या दोन पावलं पुढे आल्या.

"रोज खायला घालतोस त्याला?"

"रोज. संध्याकाळी सहाला. तुमच्यासारखंच."

"आलं किसून की ठेचून?"

"किसून, बाई."

"आणि झाकण?"

"टेकवलेलं," नोहाकाका म्हणाले. "नुसतं टेकवलेलं."

पुष्पामावशी मटकन खुर्चीत बसल्या. पदर तोंडाला लावला. रडतायत की काय म्हणून रूथ धावली, तर त्या हसत होत्या. आणि थोड्या रडतही होत्या. "चोरट्या," त्या म्हणाल्या, "पळ! घेऊन ये!"

नोहाकाका पंचावन्न वर्षांचे. पण घरापर्यंत ते जे धावले, तसं शाळेच्या मैदानावर कुणी धावलं नसेल. बरणी आली. लहानच होती, पण आत पांढरे दाणे वर-खाली नाचत होते. पुष्पामावशींनी वास घेतला, दाणा जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

"आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चार वाट्या मागवल्या. एक स्वतःला, एक रूथला. नोहाकाकांच्या बरणीत त्यांनी थोडे दाणे तसेच राहू दिले. "सगळं एका बरणीत ठेवलं ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "तुम्हा पोरींना झाकणाचं सांगितलं, खोली बंद करणाऱ्या माणसाला सांगितलं नाही, ही दुसरी." तिसरी वाटी त्यांनी ज्ञानूच्या हातात दिली आणि नाडीला लटकलेला बिल्ला बोटानं सरळ केला.

बाबा उठून स्टेजजवळ आले होते. त्यांनी नोहाकाकांच्या स्टॉलवरचा ग्लास उचलला, संशयानं हुंगला, एक घोट घेतला, मग सगळा संपवला, आणि पहिल्या रांगेला ऐकू जाईल असा ढेकर दिला.

"नशा नाही," त्यांनी आजूबाजूच्या लोकांना गंभीरपणे सांगितलं. "माझी मुलगी प्रमुख आहे इथली."

चौथी वाटी उरली होती. सहादेवकाका बादली घेऊन टेम्पोकडे निघाले होते. पुष्पामावशींनी त्यांना हाक मारली.

"ही तुमच्या घरी ठेवायची."

"माज्या घरी?" काकांनी रुमाल बांधलेला हात मागे घेतला. "नको बाई. पुन्यांदा काय तरी करून बसीन."

"तुमच्याच घरी. तिथे कुणी काही बंद करत नाही ना?"

काकांनी वाटी दोन्ही हातांत घेतली, देवाचा प्रसाद घ्यावा तशी. टेम्पोत चढून ती मांडीवर ठेवली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी काळजीनं विचारलं, "आन मांजर आलं तर? झाकन ठिवायचं का न्हाई?"

"टेकवा!" अख्खा मांडव ओरडला, आणि सगळ्यात मोठा आवाज ज्ञानूचा होता. "नुसतं टेकवा!"